गोचीडबाई

बाहेरून आलेल्या माणसाला गोचीडबाई आधी कॉलर वर करायला लावत. चहापाणी, विचारपूस हे सगळं नंतर. मान बघून झाली की मनगटं, मग पँटच्या दुमडी, आणि माणूस घरोब्यातला असेल तर गुडघ्यामागची खोबणसुद्धा. प्रयोगशाळेतलं कुणी रविवारी डोंगरावर फिरून आलं असेल, तर सोमवारी त्याला दारातच अडवलं जाई. विद्यापीठाच्या बागेत झाडाखाली बसून डबा खाऊन आलेल्या आमच्या प्राध्यापकांनाही त्यांनी एकदा सोडलं नाही. आम्ही सगळे त्यांना नुसतं सेन्सेई म्हणायचो. साठीला आलेले, विषाणुशास्त्रातले नावाजलेले गृहस्थ, पण ते निमूट वाकले, आणि बाईंनी त्यांच्या टायच्या गाठीमागे बोट घालून नीट पाहून घेतलं. मग म्हणाल्या, "काही नाही. जा आता." सेन्सेई आभार मानून आपल्या खोलीत गेले.

त्यांचं खरं नाव सुनंदा परब. गाव सावंतवाडीच्या पुढे, गोव्याच्या हद्दीला लागून. पुण्यात त्यांनी गोचिडींवर डॉक्टरेट केली होती. कर्नाटकातल्या जंगलात गोचीड चावून माकडांना आणि माणसांना जो ताप येतो, त्याचा विषाणू हा त्यांचा विषय. क्योतोत पुढे जमलेल्या आम्हा चार मराठी मंडळींत त्यांचं नाव गोचीडबाई पडलं, ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं. जपानीत या किड्याला मादानी म्हणतात, म्हणून प्रयोगशाळेतली मुलं त्यांना मादानी-सान, म्हणजे मादानीबाई, म्हणू लागली. ते ऐकायला अगदी आपल्याकडचं आडनाव वाटतं. विद्यापीठाच्या कार्यालयातल्या एका बाईंना ते खरंच आडनाव वाटलं आणि ओळखपत्रावर तेच छापून आलं. मी बदलून आणते म्हटलं, तर गोचीडबाईंनी अडवलं. परब कुणाला धड म्हणता येत नाही, हे निदान बरोबर तरी म्हणतात, असं त्यांचं म्हणणं. ते ओळखपत्र गळ्यात घालून त्या वर्षभर मिरवल्या.

मी क्योतोला आले ती भूकंपाच्या वर्षीच, पानगळीच्या सुमाराला. आईबाबांचा सक्त विरोध होता. टीव्हीवर रोज त्सुनामीची आणि अणुभट्टीची चित्रं दिसत होती, आणि शेजारपाजारचे लोक आईला विचारायचे, सगळे तिकडून परत येताहेत आणि तुमची मुलगी आत्ता निघाली? मी हट्टाने आले खरी, पण पहिलं वर्ष फार एकटं गेलं. दिवसभर पेशींच्या बशा, संध्याकाळी सायकल, कोंबिनी म्हणजे कोपऱ्यावरच्या दिवसरात्र उघड्या दुकानातून उचललेला भाताचा गोळा आणि एका खोलीचं घर. मराठी बोलायला कुणी नाही. रविवारी आईशी बोलताना शब्द अडखळायला लागले तेव्हा मला स्वतःचीच भीती वाटली होती.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात जपानच्या पश्चिम भागात गोचीड चावून येणाऱ्या एका नव्या तापाची बातमी आली. माणसं दगावली होती. गोचीडबाई तेव्हा नागोयाला होत्या. त्यांचे यजमान सतीशराव तिथे मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर, मुलगी रेवा जपानी शाळेत. बाई बरीच वर्षं घरीच. दाताच्या डॉक्टरकडे ताटकळत बसलेल्या असताना त्यांनी समोरच्या टीव्हीवर गोचिडीचं मोठं चित्र पाहिलं. बोललेलं निम्मं कळलं नाही, पण चित्र कळलं. दात तसाच ठेवून त्या उठल्या, घरी आल्या आणि या विषयावर कोण काम करतं ते शोधू लागल्या.

आठवड्याभरात त्या आमच्या दारात उभ्या होत्या. सेन्सेईंना मेल केली होती, पण उत्तराची वाट बघायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांचं जपानी भाजीबाजारापुरतं, म्हणून मला दुभाषी म्हणून बसवलं गेलं. सेन्सेईंनी विचारलं, मधल्या वर्षांत आपण काय केलंत? बाई म्हणाल्या, घर सांभाळलं. आणि त्याआधी? त्याआधी गोचिडी सांभाळल्या. मी हे जसंच्या तसं सांगितलं आणि सेन्सेई हसले. ते वर्षातून एखाद-दोनदाच हसत. त्यांच्याकडे द्यायला जागा नव्हती, होता तो बाइतो, म्हणजे तासांवर मिळणारं फुटकळ काम. नळ्या धुवायच्या, नमुन्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, फ्रीजर आवरायचा. डॉक्टर झालेल्या बाईला हे कसं सांगायचं म्हणून मी घुटमळले. बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "टेकडीवर गोचिडी वेचायला जाऊ देतील का, तेवढं विचार."

टेकडीवर जाऊ दिलं. आणि आठवड्यातले दोन दिवस नागोयाहून येणाऱ्या या बाईंनी मधल्या रात्री माझ्या खोलीत पथारी टाकायला सुरुवात केली. मला कुणी विचारलं नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं स्वयंपाकघर पालथं घातलं, मसाल्यांच्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्या आणि माझा कचरा उपसून बाटल्यांची झाकणं वेगळी का केली नाहीस म्हणून झापलं. त्यांना तांदूळ धुताना मध्ये बोललेलं चालत नसे. त्या घोरत, आणि घोरत नाही असं शपथेवर सांगत. पण त्या आल्या की खोलीत कोकमाचा वास यायचा, आणि माझं मराठी महिन्याभरात पुन्हा वाहतं झालं. मी त्यांना ताई म्हणू लागले.

टेकडीवरचं त्यांचं काम बघण्यासारखं असे. बांबूच्या काठीला पांढऱ्या फ्लॅनेलचा मोठा तुकडा बांधायचा आणि तो गवतावरून, झुडपांवरून हळूहळू ओढत न्यायचा. गवताच्या टोकावर वाट बघत बसलेल्या गोचिडी त्याला चिकटतात. दर थोड्या पावलांनी थांबायचं, कापड उलटायचं, चिमट्याने एकेक वेचून बाटलीत टाकायची. वरच्या देवळात रोज जाणारे एक आजोबा त्यांना बरेच दिवस टेकडी झाडणारी भाविक बाई समजत होते. एकदा त्यांनी बाईंना कष्टांबद्दल वाकून धन्यवाद दिले आणि खिशातलं संत्रं काढून दिलं. बाईंनी संत्रं घेतलं आणि आजोबांना कॉलर वर करायला लावली.

मी पेशींबरोबर बंद खोलीत काम करणारी. मला त्या ओढून नेत. चढावर मी धापा टाकू लागले की वरून हाक येई, "काय गो, दमलंस?" बोलताना त्या मधूनच मालवणीत शिरत. त्यातला त्यांचा सगळ्यात लाडका शब्द होता 'मगे'. मग काय, पुढे काय, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या ज्या सुरात विचारत त्यात माणसाची सुटका नसे. तुम्ही एखादी अडचण रंगवून सांगितलीत, डोळ्यांत पाणी आणलंत, की शांतपणे प्रश्न येई, "मगे?"

या एका शब्दावर मला फेलोशिप मिळाली, असं मी आजही सांगते. माझी डॉक्टरेट संपत आली होती आणि पुढे राहायचं तर स्वतःचा निधी आणणं भाग होतं. टोकियोतली एक खासगी संस्था विषाणूंवर काम करणाऱ्या तरुण संशोधकांना तीन वर्षांची फेलोशिप देत असे. मी महिनाभर खपून प्रस्ताव लिहिला, सेन्सेईंनी दोन स्वल्पविराम बदलले आणि छान आहे म्हणाले. मग तो मी बाईंना मराठीत वाचून दाखवला. पहिलं वाक्य होतं की हा विषाणू दर वर्षी असंख्य लोकांना ग्रासतो. मगे? दुसरं, की तो पेशीत कसा शिरतो हे पूर्णपणे समजलेलं नाही. मगे? मी समजून घेणार आहे. मगे? असं करत करत दुसऱ्या पानावर पोचेपर्यंत मी रडकुंडीला आले. बाईंनी मला चहा करून दिला आणि म्हणाल्या, तू विषाणूबद्दल सगळं सांगतेस, स्वतःबद्दल काहीच नाही. तू सोमवारी सकाळी जाऊन नेमकं काय करणार, ते पहिल्या वाक्यात सांग. मी सगळं पुन्हा लिहिलं. मुलाखतीत मला जे प्रश्न आले, त्यांतला एकही बाईंनी आधी विचारला नव्हता असं झालं नाही.

फेलोशिप मिळाल्याचं कळलं त्या दिवशी त्यांनी नारळाच्या दुधातले घावन केले. खाताना मी सहज म्हटलं, ताई, तुम्ही का नाही अर्ज करत? त्यांनी नियम आधीच वाचून ठेवला होता. डॉक्टरेट मिळून आठ वर्षांच्या आतच अर्ज करता येई आणि त्यांची ती वर्षं केव्हाच उलटली होती. बाळंतपणाची रजा त्यातून वजा करत, पण ती रजा नोकरीत असताना घेतलेली असायला हवी. बाईंना तेव्हा नोकरीच नव्हती. सतीशरावांच्या बदल्यांमागे चेन्नई, मग नागोया असं फिरताना त्यांनी रेवाला वाढवलं होतं, आणि त्या वर्षांना कागदोपत्री नाव नव्हतं. बाई म्हणाल्या, रजा घ्यायला आधी कामावर असावं लागतं, मी नुसतीच काम करत होते.

त्यात रडगाणं नव्हतं. पण त्या रात्री त्या घोरल्या नाहीत, म्हणजे जाग्या होत्या.

पुढच्या वर्षी संस्थेने नव्या अर्जदारांसाठी टोकियोत माहितीसभा ठेवली आणि फेलोशिप मिळालेल्यांपैकी मला अनुभव सांगायला बोलावलं. बाई म्हणाल्या, मीही येते. फुनाबोरीला माझा मामेभाऊ राहतो, त्याच्याकडे आम्ही उतरलो. सकाळी वहिनीच्या हातचं थालीपीठ खाऊन सभेला गेलो. मी व्यासपीठावर, बाई तिसऱ्या रांगेत, गळ्यात ते मादानीचं ओळखपत्र. माझं भाषण झालं, टाळ्या झाल्या, आणि प्रश्न विचारा म्हटल्यावर बाईंचा हात वर गेला. अशा सभांत लोक प्रश्न विचारतात ते अर्जाची मुदत किती आणि प्रती किती, असले.

त्यांनी जपानीत सुरुवात केली, दुसऱ्या वाक्याला अडकल्या. अध्यक्ष म्हणजे एक वयस्कर डॉक्टर होते. ते म्हणाले, आपल्या भाषेत बोला, आणि माझ्याकडे वळून दुभाषी व्हाल का म्हणून विचारलं. बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"जसंच्या तसं सांग. गोड करू नकोस."

मग त्या बोलल्या. "तुमच्या नियमात तरुण म्हणजे कोण? मी डॉक्टर होऊन बारा वर्षं झाली. त्यातली बरीच वर्षं मी मूल वाढवलं. बाई म्हणून माझं वय झालंय, संशोधक म्हणून मी अजून रांगतेय. तुम्ही पैसे कुठल्या वयाला देता?"

मी ते तसंच सांगितलं. माझ्या आयुष्यात मी इतकं सरळ जपानी त्याआधी बोलले नव्हते आणि नंतरही फारसं बोललेले नाही. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ते म्हणाले की या प्रश्नाचं उत्तर आज त्यांच्याकडे नाही, ते असायला हवं होतं. बाई वाकून खाली बसल्या. परतीच्या गाडीत सेन्सेईंच्या कानावर गेलं तर काय, माझी फेलोशिप काढून घेतील का, असलं काहीबाही मनात येत होतं. त्या खिडकीतून बाहेर बघत माझ्या वहिनीने बांधून दिलेला लाडू खात होत्या.

पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत नियम बदललेला होता. मुलं, आजारी माणसं, आपत्ती यांच्यामुळे कामाबाहेर घालवलेली वर्षं आता वजा होणार होती, नोकरी असो वा नसो. प्रयोगशाळेत ती जाहिरात सेन्सेईंनी स्वतः फळ्यावर लावली आणि बाईंच्या टेबलावर तिची एक प्रत ठेवली. शिफारसपत्र त्यांनी दोन दिवस दार बंद करून लिहिलं.

बाईंनी क्योतोच्या टेकड्यांचाच विषय घेतला. शहराला लागून इतकं रान, हरणं, डुकरं, शाळेत जाणाऱ्या पोरांच्या पायवाटा. इथल्या गोचिडींत तो नवा विषाणू आहे का आणि असला तर कुठवर पोचलाय, हे दर महिन्याला बघत राहायचं. दोन-अडीच वर्षांच्या वेचणीत त्यांना तो तिथे एकदाही सापडला नव्हता. मुलाखतीला परदेशी अर्जदाराबरोबर दुभाषी नेता येई, म्हणून मी आत होते. एका सदस्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं. तीन वर्षं घालवून विषाणू सापडलाच नाही तर?

"तर टेकडीवरची माणसं निर्धास्त फिरतील," बाई म्हणाल्या. "ते मी तपासून सांगितलेलं असेल. नुसतं वाटतंय म्हणून नाही."

मला वाटलं, जिंकलं. समितीतले दोघे मान हलवत होते. पण निकाल आला त्यात बाईंचं नाव नव्हतं. नव्या नियमाखाली पहिली फेलोशिप मिळाली ती जपानच्या ईशान्येकडच्या किकुची-सान नावाच्या बाईला. भूकंपात तिच्या आईवडिलांचं घर वाहून गेलं होतं आणि त्यांना तात्पुरत्या वसाहतीत सांभाळण्यासाठी तिने प्रयोगशाळा सोडली होती. डुकरांमधल्या विषाणूंवर तिचं काम होतं, आणि चांगलं होतं.

मी शब्द जुळवत होते. बाईंनी ते बोलायची वेळच येऊ दिली नाही. त्यांनी तांदूळ धुतले, कुकर लावला, आणि ओट्याला टेकून उभ्या राहून म्हणाल्या, "मला हवी होती गो ती." एवढंच. मी जवळ गेले तर मला बाजूला सारून फोडणीला लागल्या. जेवताना त्या किकुची-सानच्या कामातल्या कच्च्या जागा सांगत होत्या, आणि त्या खरोखर कच्च्या होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला तिला फोन लावायला सांगितलं. डुकरांच्या अंगावरच्या गोचिडी तू फेकून देतेस का, हा पहिला प्रश्न. ती फेकून देत होती. त्यानंतर तिकडून दर महिन्याला बाटल्यांचं खोकं येऊ लागलं आणि त्या दोघींचा एक निबंधही पुढे छापून आला. मोठेपणा दाखवला असं मी कधी म्हटलं तर बाई चिडत. फुकट चाललेल्या गोचिडी वाचवल्या, यात मोठेपणा कसला, असं म्हणत.

मग एका हिवाळ्यात गावाहून त्यांच्या भावाचा फोन आला. काजूच्या बागेत माकडं मरून पडत होती. वाडीतल्या दोन माणसांना ताप होता, उतरत नव्हता. डोंगरापलीकडे कर्नाटकात ज्याच्यावर बाईंनी उमेदीची वर्षं घालवली, तो ताप घाट ओलांडून त्यांच्या तालुक्यात आला होता. फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "आता ता माझ्या दारात इला," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्या जाणार का, असा प्रश्न उरला नव्हता. कशा जाणार एवढंच राहिलं होतं.

तेही सोपं नव्हतं. सतीशरावांचा करार अजून बाकी होता. रेवा बारा-तेरा वर्षांची, जपानी शाळेत रुजलेली. आई मराठीत विचारणार आणि ती जपानीत उत्तर देणार, असा त्या घरातला रिवाज होता. बाईंना ते डाचायचं, पण रेवाला परत न्यायचं तर तिला अक्षरओळखीपासून सुरुवात करावी लागली असती. भारतात काम सुटलेल्या स्त्रियांना पुन्हा संशोधनात आणणारी एक फेलोशिप होती. बाईंनी अर्ज केला, मुलाखत माझ्या टेबलावरच्या कंप्युटरवरूनच दिली. या वेळी विषाणू सापडला नाही तर, असं कुणी विचारलं नाही. सगळं मिळून सव्वा महिन्यात होकार आला. ठरलं असं की बाई एकट्या पुढे जातील, बापलेक करार संपेपर्यंत नागोयाला राहतील.

रेवा आईशी बोलायची थांबली. मी मधल्या एका शनिवारी नागोयाला गेले होते, तेव्हा तिने मला जपानीत विचारलं की तिथल्या माकडांना दुसरं कुणी बघणारं नाही का. बाई पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांना सगळं कळत होतं. त्यांनी घडी घालायची थांबवली नाही, पण एकच शर्ट त्यांनी तीनदा घडी करून तीनदा मोडला. नंतर मला म्हणाल्या, ती बरोबर विचारते. बघणारं असतं तर मी गेले नसते.

निघायच्या दिवशी मी नागोया स्टेशनवर होते. विमानतळाची गाडी लागली. सतीशरावांनी सामान आत ठेवलं. रेवा खांबाला टेकून फोनमध्ये डोकं घालून उभी. बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला, तिने मान काढून घेतली. बाई गाडीत चढल्या. दार बंद व्हायची घंटा वाजायला लागली तेव्हा रेवाने वर पाहिलं आणि म्हणाली, "इत्तेराश्शाई."

जपानी घरांत सकाळी शाळेला, कामाला निघणाऱ्या प्रत्येकाला मागे राहिलेलं माणूस हे म्हणतं. जाऊन ये. संध्याकाळी परत येणार हे गृहीतच असतं. रोजचा, तोंडातून आपोआप निघणारा शब्द. बाईंना त्याचं ठरलेलं जपानी उत्तर येत होतं. ते त्या बोलल्या नाहीत. आपल्याकडे दारातून निघताना म्हणतात तसं, अगदी हळू म्हणाल्या, "येते." दार लागलं. रेवा गाडी गेली त्या दिशेला बराच वेळ बघत होती, आणि मग तिने मला मराठीत विचारलं, की आईला पोचायला किती वेळ लागेल.

पुढे दीड वर्षाने बापलेक परतले. रेवा पणजीच्या शाळेत गेली, रुळायला वेळ लागला, पण रुळली. हे मला पत्रांवरून, फोनवरून कळत होतं. फोन नेहमी घाईत असे. बाई चालता चालता बोलत, मागे कुत्री भुंकत असत.

मी त्यांना पुन्हा भेटले ती काजूच्या हंगामात. तोवर मला क्योतोतच साहाय्यक प्राध्यापकाची जागा मिळाली होती. त्यांनी सावंतवाडीच्या पुढे ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीत दोन खोल्या मिळवल्या होत्या. एका खोलीत फ्रीजर आणि सूक्ष्मदर्शक, दुसरीत दोन तरुण मुली, दोघींची डॉक्टरेट नुकतीच झालेली. मी गेले तेव्हा त्यांतली एक बाईंशी भांडत होती. नमुने कुठल्या बाजूने घ्यायचे यावरून वाद होता, आणि त्या पोरीने बाईंचं म्हणणं खोडून काढलं. बाईंनी थोडा विचार केला, बरं म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर बागांतून फिरले. हंगाम सुरू व्हायच्या आधीच एका बागेतल्या गोचिडींत त्यांना विषाणू सापडला होता, माणसाला ताप यायच्या आत. त्या वाडीतल्या बायकांना त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं होतं की यंदा पातेरा, म्हणजे झाडांखालचा वाळका पाला, गोळा करायला त्या बागेत जायचं नाही, आणि काजू वेचायला जायचं तर हातापायांना औषध लावून. मालकाशी भांडण झालं होतं, मजुरी बुडते म्हणून बायकाही रागावल्या होत्या. त्या वर्षी शेजारच्या गावांत ताप आला. त्या वाडीत कुणाला आला नाही. आम्ही जात होतो तेव्हा पांदीच्या अरुंद वाटेने येणारी एक म्हातारी बाईंना पाहून थांबली, डोक्यावरची टोपली न उतरवता तिने आपणहून पदर मागे घेतला आणि मान पुढे केली. बाईंनी बघितली आणि तिला जायला सांगितलं.

निघताना त्या मला कुडाळ स्टेशनवर सोडायला आल्या. गाडी उशिरा होती. फलाटावरच्या बाकावर बसून मी बोलता बोलता सांगितलं की टोकियोच्या त्या संस्थेने मला निवड समितीवर बोलावलं आहे, अर्ज वाचायचे, मुलाखती घ्यायच्या. माझा नकार देण्याचा विचार होता. वर्षाचे कितीतरी दिवस त्यात जातात, माझं स्वतःचं काम मागे पडतं, आणि तिथे सगळे माझ्यापेक्षा वीस-वीस वर्षांनी मोठे. मला वाटलं, त्यांना पटेल. वेळ फुकट घालवलेला त्यांना कधीच चालत नसे.

चहाचा कागदी कप चुरगळून त्यांनी बाकाशेजारच्या डब्यात टाकला.

"तू नाही म्हणालीस तरी ती खुर्ची रिकामी राहणार नाही," त्या म्हणाल्या. "कुणीतरी बसणारच. तो कोण असेल, ठाऊक आहे तुला?"

गाडी आली. त्यांनी माझी बॅग चढवून दिली, डब्यातल्या बाईला जरा सरकायला सांगितलं, आणि गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवून निघाल्या, कारण बागेत मुली खोळंबल्या होत्या. फलाटावरच्या पुलाच्या पायऱ्या त्या भराभर चढताना दिसल्या, मग दिसेनाशा झाल्या. कणकवली यायच्या आत मी टोकियोला होकार कळवला.